पाठमोरी बाग

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

आधी गुडघ्याचं सांगून टाकते, कारण तू पहिल्या ओळीत तेच शोधणार. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही काम काय करता?" म्हटलं, लोकांना बाग दाखवते. "मग गुडघे असे विचित्र का झिजलेत?" म्हटलं, उलटी चालते म्हणून. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. गुडघ्याबरोबर आणखीही काही तपासायला हवं असं त्यांना वाटलं असणार.

मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. बागेत फेरी न्यायची तर तोंड लोकांकडे ठेवावं लागतं. आमच्या जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाठ फिरवून बोललात तर झाडांना ऐकू जाईल, माणसांना नाही. तेव्हापासून मी अख्खी बाग उलट पावलांनी चालते आहे. लोक तळं बघतात आणि मी तळं बघणारे लोक बघते. मागे काय आलंय हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. बदक आडवं आलं तर चेहरे एक दिसतात, सायकल आली तर वेगळे. इतक्या वर्षांत कुणाला धडकले नाही की पडले नाही, आणि आता घरात सरळ चालताना गुडघा बोंबलतो.

डॉक्टर म्हणाले, बंद करा. ऑफिसनेही मान्य केलं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी माझी शेवटची फेरी. त्यानंतर मला तिकीटखिडकीत बसवणार आहेत, तोंड पुढे करून.

आता खरं काम. वहिनी, दादाने एकदा ही फेरी बघावी असं मला फार वाटतं. तुला सगळं ठाऊकच आहे. त्याने मोजणी खात्यात स्वतःच्या शेजारचं टेबल मला मिळवून दिलं होतं, नकाशे रंगवायचं काम. मी ते सोडून इथे आले त्या दिवशी तो म्हणाला, "माणसं हाकायला जायचंय तर जा." भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं. आम्ही लग्नांत भेटतो, आजारपणात भेटतो, जगातल्या सगळ्या गोष्टी बोलतो, पण बाग हा शब्द दोघांपैकी कुणी काढत नाही. या शहरात तो कामानिमित्त किती वेळा येऊन गेला. बागेवरून जाणारी बस सोडून लांबची बस पकडायचा.

मी बोलावलं तर तो नाहीच म्हणणार. आणि फोन करावा तर तो त्याच्याच खुर्चीशेजारी, म्हणून हे पत्र. कौतुक नको मला. त्याने नुसतं बघावं की मी काय करते. बघ काही जमतंय का.

तुझी,
भिंगरी


१७ जानेवारी

वन्सबाई,

पत्र मिळालं. गुडघ्याला शेक घे आणि जिने कमी कर. सल्ला फुकट आहे म्हणून तू ऐकणार नाहीस, तरी दिला.

तुझ्या दादाला पत्र दाखवलं नाही. माझ्या शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आहे, रिळांच्या खाली. त्याला सरळ सांगायला गेले तर काय होईल हे तुला माहीत आहे. त्याची मान आधी आडवी हलते, मग तो विचार करतो. आणि एकदा हललेली मान उभी करायला त्याला लाज वाटते.

शिवाय तो येऊन बघेल आणि डोळे भरून वगैरे येतील अशी काही कल्पना असेल तर आताच सोडून दे. मला बघायला आला होता तेव्हा घरी जाऊन काय म्हणाला होता, आठवतं ना? "मुलगी ठीक आहे." सासूबाईंना वाटलं नकार आहे. तूच त्यांना समजावलंस की दादाच्या तोंडून "ठीक आहे" निघालं म्हणजे त्याहून वरचं कौतुक त्याच्याजवळ नाहीच. तो शब्दही माझ्या वाट्याला नंतर पुन्हा आलेला नाही.

असो. पण बागेबद्दल वाचताना मलाच काही प्रश्न पडले. ते तळं मुळातलं आहे की केलेलं? केलेलं असेल तर खोदलेली माती गेली कुठे? पावसाचं पाणी त्यात येतं की बाहेर जातं, म्हणजे उतार कुठल्या बाजूला आहे? सवडीने लिही. शिवणाच्या क्लासला सुट्टी आहे, संध्याकाळी वाचायला काहीतरी हवंच.

वहिनी


२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझे प्रश्न वाचून मी उडालेच. जन्मभर काजं-बटणं करणाऱ्या बाईला उताराची चौकशी सुचावी, हे म्हणजे कमालच झाली. इथे रोज इतके लोक येतात, पण माती गेली कुठे हे आजवर कुणीही विचारलेलं नाही. सगळे विचारतात आइस्क्रीम कुठे मिळतं.

तर ऐक. तळं मुळातलंही नाही आणि कुणी मुद्दाम खोदलेलंही नाही. ही दगडाची खाण होती. शहरातल्या जुन्या घरांचा, पुलांचा, कोर्टाच्या पायऱ्यांचा सगळा दगड इथून गेला. शहर जितकं वर चढलं तितकी इथली जमीन खाली गेली. मग एके दिवशी चांगला दगड संपला, खाली झरा लागला, पाथरवट घरी बसले, आणि लोकांनी मोडक्या खाटा आणि फुटके माठ आणून त्या खड्ड्यात टाकायला सुरुवात केली. पालिकेने ठरवलं, बुजवून टाकू.

तेव्हा पाणीपुरवठ्यातले एक इंजिनिअर उभे राहिले आणि म्हणाले, बुजवू नका, हाच या शहराचा सर्वात चांगला दागिना आहे. सभेत हशा पिकला. त्यांना लोक खड्डेसाहेब म्हणू लागले. पण गडी हटला नाही. त्यांनी खाणीतला टाकाऊ चुरा एका अंगाला रचून टेकडी केली, म्हणजे तुझ्या मातीचं उत्तर मिळालं. आणि सगळ्या जमिनीचा उतार तळ्याकडे दिला, म्हणजे तुझं पाणीही आलं. आजही कितीही पाऊस पडो, बागेच्या वाटेवर चिखल साचत नाही. मी हे लोकांना सांगते तेव्हा सगळे आधी आपापल्या पायाखाली बघतात. ते बघायला मला फार आवडतं.

आणि झाडं लावायला त्यांनी कुणाला घेतलं माहीत आहे? त्याच रिकाम्या बसलेल्या पाथरवटांना. त्यांना झाडं लावायची सवय कुठली? त्यांनी भिंत बांधतात तशी ओळंबा धरून शिरीषाची रांग लावली. अजून बघावी, एका टोकाला उभं राहिलं की पहिल्या खोडामागे बाकीची सगळी लपतात. एकच झाड तिरकं आहे. ते लावणारा त्या दिवशी प्रेमात पडला होता म्हणतात. खरंखोटं तो जाणे, पण नवी जोडपी फोटो काढतात ती त्याच झाडाखाली.

मग खुर्च्या. एका वर्षी जळणाची फार टंचाई पडली. लोकांनी कुंपणं जाळली, दारं जाळली, बागेतली लाकडी बाकंसुद्धा नेली. पण शिरीषाच्या फांदीला कुणी हात लावला नाही. कुणी पहारा ठेवला नव्हता, ठरावही झाला नव्हता. दिवस पालटल्यावर पालिकेकडे नव्या बाकांची सोय नव्हती, तर ज्यांनी बाकं जाळली होती त्याच घरांनी आपापली एक एक खुर्ची आणून बागेत ठेवली. जेवणाच्या टेबलाच्या, वेताच्या, एका न्हाव्याच्या दुकानातली फिरती, एक तर लहान बाळाची उंच खुर्ची. आजही त्या कुरणावर बाक नाही, खुर्च्याच आहेत. मोडली की दुरुस्त होते, अगदीच गेली तर कुणीतरी घरातली आणून देतं. मी तिथे टोळकं थांबवते आणि म्हणते, बसा, हे कुणाचं तरी घर आहे. लोक आधी हसतात आणि मग अगदी जपून बसतात.

काचघराची गोष्ट तर मी रोज सांगून दमत नाही. एका गारपिटीत त्याच्या छपराचा चुरा झाला. आतली नाजूक नेची एका उन्हात जळून गेली असती. तर सकाळी शेजारच्या गल्ल्यांतून बायका चादरी घेऊन आल्या. पांढऱ्या, फुलाफुलांच्या, ठिगळ लावलेल्या. काच येईपर्यंत काचघरावर ते चादरींचं छप्पर राहिलं. आतला माळी म्हणायचा, त्या वर्षी नेची जितकी वाढली तितकी पुन्हा कधी नाही.

बघ, तू एक विचारलंस आणि मी पानं भरली. तुझ्यासारखं ऐकणारं माणूस घरात असताना दादा तसाच कसा राहिला कोण जाणे. त्याचं काही?

भिंगरी


८ फेब्रुवारी

वन्सबाई,

पत्र दोनदा वाचलं. चादरींशी आले तेव्हा मशीनवर हात थांबला. त्यातली एखादी मी शिवलेली असती तर बरं झालं असतं, असं उगाच वाटलं.

तुझ्या दादाचं विचारतेस. आहे तसाच आहे. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन चष्मा पुसणं. काल जेवताना एकदम म्हणाला, "शिरीषाची सावली दाट नसते, पण बरी असते." मी म्हटलं, हे आज कुठून आठवलं? तर म्हणाला, "आठवायला काय लागतं." आणि आमटी मागून घेतली. तू मात्र तो येणार नाही असंच धरून चाल. मला तुझी निराशा बघवणार नाही. मलाही यायचं होतं, पण त्याच रविवारी माझ्या क्लासच्या मुलींची परीक्षा आहे, आणि त्या मला सोडणार नाहीत.

एक काम कर. तुझी फेरी कशी जाते ते मला पावलापावलाने लिही. फाटकातून आत आलं की कुठे वळायचं, काय कुठल्या हाताला लागतं, सगळं. म्हणजे त्या रविवारी मी मुलींच्या शिवणी तपासत असले तरी मनाने तुझ्याबरोबर चालेन. नीट लिही बरं का, मोघम नको. दिशा लिहिता आल्या तर दिशाच लिही.

वहिनी


१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दिशा मला कुठल्या येतात? उत्तर-दक्षिण हे दादाचं खातं. मी तर फेरीत डावं-उजवंसुद्धा म्हणत नाही, नुसता हात करते. पण तुझ्यासाठी आज संध्याकाळी खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात अख्खी फेरी चालले, आणि हात जिकडे गेला ते लिहून काढलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मोठ्या फाटकातून आलं की घड्याळाखाली थांबायचं. ते घड्याळ नेहमी थोडं मागे असतं, कारण घड्याळजी म्हणतो, बागेत आलेल्या माणसाला घाई होता कामा नये. तिथून डावीकडे वळायचं. तळं सबंध वेळ उजव्या हाताला ठेवायचं, ते सोडायचं नाही. डाव्या हाताला आधी शिरीषाची रांग, मग काचघर. काचघरात पाणकमळाची पानं एवढी मोठी आहेत की बघणाऱ्याचे हात आपोआप ताट धरल्यासारखे होतात. पुढे डावीकडेच खुर्च्यांचं कुरण. त्यानंतर उजवीकडे, अगदी पाण्याच्या कडेला, बँडस्टँड. त्याचं तोंड बांधणाऱ्याने तळ्याकडे केलं, त्यामुळे ऐकायला लोक होडीत बसायला लागले आणि त्यातूनच होड्यांची चाल पडली. चूक होती, पण इतकी गोड निघाली की कुणी दुरुस्त केली नाही.

आणि शेवटी, फाटकाच्या अगदी समोर, तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, बोलका कडा. खाणीचा उरलेला एकच उभा दगड, पाथरवटांच्या छिन्नीच्या खुणांसकट. त्याच्यासमोर हाक मारली की हाक परत येते, आणि जरा प्रेमळ होऊन येते. माझ्या फेरीचा एक रिवाज आहे. आत्ता आपल्याबरोबर कोण असायला हवं होतं, त्याला प्रत्येकाने एक हाक मारायची. मोठमोठे मिशीवाले साहेब आधी लाजतात आणि मग आईला हाक मारतात. सुरुवात मीच करते, म्हणजे त्यांची भीड चेपते. मी कुणाला हाक मारते ते विचारू नकोस.

दादा येणार नाही हे मी आता धरलं आहे. वाईट वाटतं, नाही असं नाही. रात्री उशीला टेकले की वाटतं. पण बागेत गेले की जातं. इतकी माणसं माझ्या तोंडाकडे बघत माझ्या मागे येतात, त्यात एक आलं नाही म्हणून फेरी थांबते थोडीच.

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

हे पत्र तुला उद्याच्या फेरीआधी मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण पोटात मावत नाही.

तुझा दादा आज दुपारच्या गाडीने गेला. कुठे, विचारशील. "चष्म्याची काडी बदलायला." चष्म्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्यासाठी त्याने छत्री, एक जादा सदरा आणि टॉवेल घेतला. मी म्हटलं, काडी फार लांबची दिसते. तर म्हणाला, "तिकडे चांगल्या मिळतात."  मी सदऱ्याला इस्त्री करून दिली.

आता तुला खरं सांगते. मी पत्रं मशीनच्या खणात ठेवली ती मुद्दाम. त्याच खणातल्या चिंध्यांनी तो रोज चष्मा पुसतो. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या दिवशीच रिळं हललेली दिसली. मग तो आडून आडून विचारायला लागला. "खाणीतलं पाणी कुठे जात असेल गं, अशा ठिकाणी?" मी म्हणायचे, मला काय माहीत, विचारून बघते कुणाला तरी. उताराचे प्रश्न त्याचे, मातीचे प्रश्न त्याचे, वाटेचा प्रश्नही त्याचाच. माझं फक्त चादरींपाशी हात थांबणं. त्याला वाटतं मला काही कळलेलं नाही, आणि तुला वाटलं मी हुशार झाले. मी दोघांनाही तसंच राहू दिलं.

मघाशी खण उघडला. तुझी सगळी पत्रं गेलेली आहेत. बरोबर घेऊन गेला आहे.

आता वाट तेवढी बरोबर लिहिली असलीस म्हणजे झालं.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आज आलं. वाचून मी तिकीटखिडकीतच इतकी हसले की एका माणसाला उरलेले पैसे द्यायचे विसरले. तू पोचलेली आहेस. आता माझ्या बाजूचं ऐक, कारण तुझा नवरा तुला धड काही सांगणार नाही.

रविवारी फाटकाशी गर्दी झाली होती. ऑफिसातले आले, माळी आले, घड्याळजी तर घड्याळाखाली हार घेऊन उभा. मी एक एक चेहरा पाहून घेतला. दादा नव्हता. धरलेलंच होतं, तरी सगळे चेहरे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हटलं, चला, आणि पहिलं पाऊल मागे टाकलं.

फेरी छान झाली. शिरीषाखाली सगळी खोडं एकामागे लपली आणि लोक "अरेच्चा" म्हणाले, नेहमी म्हणतात तसेच. खुर्च्यांवर जपून बसले. न्हाव्याच्या खुर्चीवर एक आजोबा बसले आणि गोल फिरले. मी सगळ्यांचे चेहरे डोळ्यांत भरून घेत होते, कारण उद्यापासून मला नुसते हात दिसणार, खिडकीतून पैसे देणारे.

शेवटी कडा आला. माझी पाठ कड्याकडे, तोंड लोकांकडे. रिवाज सांगितला. मग मान मागे टाकून मी नेहमीची हाक मारली. आता लपवायचं काय? इतकी वर्षं मी एकच हाक मारत आले आहे. "दादा."

कड्याने ती परत दिली. आणि वहिनी, लोकांचे चेहरे बदलले. मी तुला म्हटलं होतं ना, मागे काय आहे ते मला चेहऱ्यावरून कळतं. बदकाचा चेहरा मला माहीत आहे, होडीचा माहीत आहे, पावसाचा माहीत आहे. हा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. सगळे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते आणि हसू दाबत होते. मला कळेना, वळावं की नाही. फेरीत मी कधी वळलेली नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे, ते लिहायला काय झालं होतं?"

कड्याने शेवटचं तेवढं उचललं, काय झालं होतं, आणि सगळा जमाव हसायला लागला. मी वळले. कड्याच्या कोपऱ्यातून, जिकडून कुणी येत नाही तिकडून, दादा आला होता. बुटांना पालापाचोळ्याचं खत, सदऱ्याला कोळिष्टक, एका हातात छत्री आणि एका हातात माझी पत्रं.

झालं काय, तर मी डोळे मिटून फेरी चालले ती माझ्या सवयीने, उलटी. माझा डावा हात म्हणजे समोर बघून येणाऱ्याचा उजवा. मी सगळं उलटं लिहिलं होतं, पहिल्या वळणापासून. टोळकं पुढे गेल्यावर तो हळूच आत शिरला, पत्र उघडलं, आणि डावीकडे वळून तळ्याला दुसऱ्याच बाजूने वळसा घालून आला. वर तळं उजव्या हाताला, मी लिहिलं तसंच, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. शिरीष शोधत होता, त्याला खताचे खड्डे लागले. काचघर शोधत होता, पंपघर लागलं.

मी त्याच्या सदऱ्यावरचं कोळिष्टकच काढायला लागले. मी, वहिनी, जी बोलायचा पगार घेते. त्याने पत्रं घडी करून खिशात ठेवली आणि लोकांना म्हणाला, "हं, चालू द्या. मी मागे उभा राहतो." मग उरलेल्या सगळ्यांनी आपापल्या हाका मारल्या आणि तो छत्री टेकून ऐकत उभा राहिला. सर्वांत शेवटी त्याच्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता मान आडवी हलणार. तर त्याने घसा साफ केला आणि अगदी हळू, लहानपणी अंगणातून बोलवायचा तसं म्हणाला, "भिंगरी."

कड्याला ऐकू गेलं नाही इतकं हळू. मला गेलं.

नंतर बाकावर, म्हणजे खुर्चीवर, आम्ही बराच वेळ बसलो. तो पंपघराबद्दलच बोलत होता. बाग कशी वाटली ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीने गेला. काडी न बदलताच.

भिंगरी


२० मार्च

भिंगरीस,

तुझ्या वहिनीने समोर कागद ठेवला आहे आणि लिहून होईपर्यंत चहा मिळणार नाही असं सांगितलं आहे. म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. मी सगळी नोकरी जमीन मोजण्यात काढली. उलट्या चालणाऱ्या बाईचं डावं म्हणजे आपलं उजवं, हे मला फाटकातच कळायला हवं होतं. पहिल्या पत्रात तू उलटी चालतेस असं स्वच्छ लिहिलं होतंस. तेव्हा चूक तुझी एकटीची नाही.

दुसरी गोष्ट. चुकलो ते बरं झालं. तू लोकांना दाखवतेस ती बाजू मी पत्रांत वाचली होती. न दाखवलेली बाजू पाहिली. पाचोळ्याचे खड्डे एका रेषेत आहेत. पंपघरातलं यंत्र खड्डेसाहेबांच्या वेळचं आहे आणि पितळ इतकं चकचकीत की त्यात मी माझा सदरा नीट केला. मोडक्या खुर्च्या दुरुस्तीला ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीच्या पायाला दिलेल्या घराचं नाव बांधलेलं आहे. रोपवाटिकेत शिरीषाची नवी रोपं ओळंबा धरून लावलेली दिसली. विचारलं, कोण लावतं अशी? माळी म्हणाला, बाईंनी पाथरवटांची गोष्ट सांगितली तेव्हापासून आम्हीही तशीच लावतो. बाई म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. उतारही पाहिला. मी छत्रीच्या टोकाने तपासला. तो माणूस जाणकार होता, आणि तू त्याची गोष्ट एका शब्दानेही वाढवून सांगितलेली नाहीस.

कड्यापाशी मी तुमच्या आधी पोचलो होतो. दमून एका लोखंडी खुर्चीवर बसलो होतो आणि परत जावं का, असा विचार चालला होता. तेवढ्यात दगडातून हाक आली. आवाज कुणाचा ते कळायला मला वेळ लागला नाही. नंतर माळ्याकडून कळलं की ही हाक नेहमीची आहे. इतकी वर्षं लांबची बस पकडून मी काय मिळवलं, त्याचा हिशेब मी मनात केला. तो इथे लिहीत नाही.

तिसरी गोष्ट. सोबत बागेचा नकाशा पाठवतो आहे. पावलांनी मोजला आहे, पण चुकीला जागा कमी आहे. दोन्ही बाजू त्यात आहेत, तुझी आणि मागची. उत्तर वरच्या अंगाला आहे. माणूस पुढे चालो की मागे, ती तिथेच राहते. रंग भरलेला नाही. रंगाचं काम तुझ्या टेबलावरचं होतं, ते मी दुसऱ्या कुणाकडून करून घेत नाही.

चौथी. पुढच्या महिन्यात मी आणि तुझी वहिनी येतो. तिला चादरींचं काचघर बघायचं आहे. तिकीटखिडकीतून एक दिवस सुट्टी घे. तू शिरीष पाहिलेस ते लोकांच्या डोळ्यांत. तळंही तसंच. समोर बघत सरळ चालत तू ही बाग एकदाही पाहिलेली नाहीस. या वेळी तू आमच्याबरोबर पुढे बघून चाल. मागे काय आहे ते मी सांगेन, तो भाग आता मला माहीत आहे.

चहा आला. तुझ्या वहिनीने आत्ताच मागे उभं राहून हे सगळं वाचलं आणि म्हणाली, इतकं लिहिलंत, पण बाग कशी आहे ते लिहिलंच नाहीत.

बाग ठीक आहे. तूसुद्धा ठीक आहेस.

दादा